उताणी झोप

१

झुंबर सातपूरच्या एका कारखान्यात अठरा वर्षं होता आणि त्यातली अकरा वर्षं त्याने तिसरी पाळी केली होती. रात्री अकराला आत, सकाळी सातला बाहेर. तिसऱ्या पाळीवाल्याला लोक घुबड म्हणून चिडवतात, पण त्याचा खरा त्रास रात्रीचा नसतोच, दिवसाचा असतो. सगळं जग आंघोळ करून कामाला लागतं, तेव्हा याने पडदे ओढायचे. कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, नळावरची भांडणं, सगळं कानांवरून जाऊ द्यायचं आणि झोपायचं. झुंबरला ते जमायचं. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून तो जो पडायचा, तो थेट चारला उठायचा.

उठायचा म्हणजे सुला उठवायची. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही, आणि झोपलेल्या माणसाला हाक मारणंही तिला पटायचं नाही. झोपेत माणूस लांब गेलेला असतो, त्याला दचकवू नये, असं तिचं म्हणणं. ती पायथ्याशी बसायची आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा धरून हलकेच ओढायची. थांबायची, पुन्हा ओढायची. "चार वाजलं," एवढंच म्हणायची. आता त्या कामाला मोबाइलचा गजर होता.

सुलाला जाऊन चौदा महिने झाले होते. ती भाताच्या लावणीला गावी गेली होती, हरसूलच्या पलीकडे, झुंबरच्या धाकट्या भावाकडे, बुधाकडे. तिथेच रात्री तिच्या छातीत कळ आली. बुधाने रात्रभर फोन केले. कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सकाळी सातला झुंबरने लॉकर उघडला तेव्हा एकतीस फोन येऊन गेले होते. तो गावी पोचेपर्यंत दुपार झाली. सगळी तयारी करून माणसं अंगणात त्याचीच वाट बघत बसली होती. तो वळणावर दिसला तसं कुणीतरी म्हणालं, "आला. चला, घ्या आता." आभाळ भरलेलं होतं, लोकांना घाई होती. सुलाचं तोंड त्याला दिसलं ते चार माणसांच्या खांद्यांमधून, हळदीकुंकवाने माखलेलं. ते तिचं वाटलंच नाही.

त्यानंतर ती स्वप्नात यायची. पण स्वप्नात माणसाला अक्कल नसते. ती शेगडीपुढे पाठमोरी उभी असायची आणि हा शहाणा तिला म्हणायचा, "चहा टाक." मग गजर व्हायचा. जाग आली की झुंबर स्वतःला शिव्या घालायचा. गेलेली बायको भेटायला येते, आणि तुला सुचतो चहा!

मूलबाळ नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि त्याचं मागणं फार मोठं नव्हतं. एकदाच, फक्त एकदा, आपण स्वप्नात आहोत हे त्याला स्वप्नातच कळायला हवं होतं. मग तो तिला वळायला सांगणार होता. तिचं तोंड नीट बघणार होता. आणि तिला सांगणार होता की फोन लॉकरमध्ये होता.

२

"त्यात काय एवढं? शिकता येतं ते," योगेश म्हणाला.

योगेश त्याच्या शेजारच्या मशीनवर होता. दोन पोरांचा बाप, पण मोबाइलवर बघून रोज नवं खूळ आणायचा. पाळी सुटल्यावर दोघं गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत होते.

"उताणं झोपायचं भाऊ. कुशीवर झोपलं की माणूस गपकन बुडतो. उताणं पडायचं आणि हलायचं नाही. नाक खाजेल, पाय वळवावासा वाटेल. ते शरीर विचारत असतं, मालक जागे आहेत का? आपण उत्तर द्यायचं नाही. मग त्याला वाटतं हा झोपला, आणि ते कुलूप लावून घेतं. शरीर झोपलं, तुम्ही जागे. तसेच स्वप्नात शिरायचं."

"कुलूप म्हंजे?"

"हात-पाय हलत नाहीत. घाबरायचं नाही. आवाज पण येतात. कुणी चालतंय, कुणी बोलतंय. सगळं आपला मेंदूच बनवतो. मी परवा गंगापूर धरणावरून उडालो, शप्पथ."

"आणि सपान हाय का खरं हाय, ते कसं कळायचं?"

योगेशने दोन बोटांनी स्वतःचं नाक दाबलं. "असं नाक बंद करायचं आणि श्वास घ्यायचा. नाक बंद असून श्वास आला, तर स्वप्न. नाही आला, तर खरं. साधा हिशोब. तुम्ही कुठे जाणार भाऊ?"

"कुठं नाय," झुंबर म्हणाला. "घरीच."

३

सांगायला सोपं होतं. पण चव्वेचाळीस वर्षं डाव्या कुशीवर झोपलेला देह असा ऐकतो थोडाच! झुंबर उताणा पडायचा, छताच्या पंख्याकडे बघत राहायचा, नाकाची खाज सोसायचा, आणि डोळा लागला रे लागला की आपोआप भिंतीकडे वळायचा. आठ दिवस हेच झालं. उताणं झोपू नये, छातीवर येऊन बसतं, असं त्याची आई म्हणायची, तेही मध्येच आठवायचं.

नवव्या दिवशी त्याने शक्कल लढवली. कुशीवर वळताना आधी पाय वळतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मशीन पुसायला कारखान्यातून सुताचे गुंते मिळतात. त्यातला एक पांढरा दोरा त्याच्या खिशात राहून गेला होता. त्याने दोन्ही पायांचे अंगठे जवळ घेतले आणि त्या दोऱ्याने बांधून टाकले. वर सुरगाठ मारली, म्हणजे एक टोक ओढलं की सुटावी. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो आडवा झाला.

त्या दिवशी जमलं. आधी हात जड झाले, मग पंख्याचा आवाज दूर गेला. आपण घोरतोय हे त्याला ऐकू येत होतं, आणि तरी तो जागा होता. डोळे अर्धवट उघडे होते; पंखा दिसत होता, खाली पायाकडचा भिंतीचा तुकडा दिसत होता. बोट हलवून पाहिलं, हललं नाही.

मग दाराबाहेर कुणीतरी चपला काढल्या.

आवाज ओळखीचा होता. एक चप्पल, मग दुसरी. थोड्या वेळाने आणखी कुणीतरी काढल्या. मग आणखी कुणीतरी. वरच्या मजल्यावर झुंबरच्या खोलीशिवाय काही नव्हतं, फक्त पाण्याची टाकी आणि गच्ची. तिथे माणसं येत होती, चपला काढत होती आणि दारावर न वाजवता बाहेरच थांबत होती. योगेश म्हणालाच होता, आवाज येतात. झुंबरने मनाशी म्हटलं, मेंदू काय वाट्टेल ते बनवतो.

चारला गजर झाला. तो उताणाच होता, जसा पडला होता तसा. त्याला इतका आनंद झाला की त्याने आधी चहा टाकायचं ठरवलं आणि पाय सोडायला वाकला.

दोऱ्याचं टोक ओढलं. सुटलं नाही. त्याने नीट पाहिलं. ती सुरगाठ नव्हती, निरगाठ होती, घट्ट आवळलेली, आणि दोऱ्याची उरलेली टोकं आत खोचून दिलेली. झोपेत पाय ओढले गेले असतील, गाठ आवळली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण लहानपणापासून त्याने भाताच्या रोपांच्या जुड्या बांधल्या होत्या. सुरगाठ ओढली की सुटते, तिची निरगाठ होत नाही, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. शेवटी त्याने ब्लेडने दोरा कापला. कारखान्यात दोऱ्याला तोटा नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी बाहेर माणसं बोलत होती.

मोठ्याने नाही. जमलेली माणसं बोलतात तसं, दबक्या आवाजात, पावसाचं, पिकाचं. कुणीतरी मोठ्या भांड्यात पाणी ओतलं आणि भांडं चुलीवर चढवलं. कुठेतरी कोयत्याने ओला बांबू तोडत होते. घाव, थांबणं, पुन्हा घाव.

"अजून कोण यायचंय?" एकाने विचारलं.

"हाय एक जण," दुसरा म्हणाला.

झुंबरला भीती वाटली पाहिजे होती, आणि थोडी वाटलीही. पण तेवढ्यात त्याच्या पायाशी बांगड्या वाजल्या. अगदी जवळ, अंथरुणाच्या कडेला. दोन्ही हातांत डझन डझन काचेच्या बांगड्या भरलेली बाई बसता बसता हात टेकते तेव्हा वाजतात तशा. झुंबरने तो आवाज वीस वर्षं ऐकला होता. त्याचे डोळे भरून आले, आणि पाणी कानाकडे ओघळलं तरी त्याला ते पुसता आलं नाही. मान उचलून बघावं म्हणून त्याने सगळा जोर लावला. मान तसूभरही हलली नाही.

गजर झाल्यावर तो खाली गेला. खाली घरमालकीण वत्सलाबाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका, स्वभावाने रोखठोक.

"ताई, जवळपास काही बांधकाम चालू हाय का? बांबू तोडत्यात दुपारचे."

"कुठलं बांधकाम? मी सकाळपासून इथे ओट्यावर बसलेय." त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "झुंबरभाऊ, जेवता का नाही तुम्ही? तोंड बघा कसं झालंय."

"झोप चांगली लागते आताशा," झुंबर म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

५

चार दिवसांनी वत्सलाबाई टाकीतलं पाणी बघायला वर आल्या. दुपारचे दोन वाजले होते. खिडकीचा पडदा वाऱ्याने सरकला होता, म्हणून त्यांची नजर आत गेली.

आत झुंबरला वेगळंच ऐकू येत होतं. बायका रडत होत्या. पायाशी कुणीतरी कुणाचा तरी हात धरून जमिनीवर आपटला आणि काच फुटली. मग दुसरा हात. त्यात कुणीतरी दार बडवायला लागलं, त्याचं नाव घेऊन ओरडायला लागलं, आणि सगळं एकदम विझलं.

त्याने सरपटत जाऊन दार उघडलं. वत्सलाबाई घामाने डबडबल्या होत्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्या खाली, त्याच्या पायांकडे बघत होत्या.

"हे कुणी बांधलं?"

"मीच. झोपेत वळू नये म्हणून."

"वेडे आहात का तुम्ही?" त्यांनी दाराची चौकट धरली. "हे बघा, आम्ही भूतखेत काही मानत नाही. मी चाळीस वर्षं पोरांना तेच शिकवलं. पण माझ्या सासूचे आणि आमच्या ह्यांचे अंगठे मी या हातांनी बांधलेत. जित्या माणसाचे बांधत नाहीत हो! मला वाटलं, तुम्ही गेलात. वाटलं, कुणीतरी येऊन तुमचं सगळं करून गेलंय."

झुंबर खाली बघत राहिला. आता सांगा, हे त्याला ठाऊक नव्हतं का? बापाचे पाय त्यानेच बांधले होते. कुशीवर पडलेला देह सरळ करायचा, उताणा ठेवायचा, हनुवटी बांधायची, अंगठे एकत्र बांधायचे. पण ते पाय समोरून पाहिलेले असतात. स्वतःचे पाय माणसाला वरून दिसतात, आणि तेवढ्या फरकाने त्याला हे सुचलं नव्हतं.

"नाय करणार परत," तो म्हणाला.

वत्सलाबाई गेल्यावर त्याने खोली झाडली. अंथरुणाच्या पायथ्याशी केरसुणीला काहीतरी अडकलं. हिरव्या बांगडीचा तुकडा होता, कोर अजून धारदार. सुलाच्या जुन्या पेटीतून पडला असेल, असं त्याने ठरवलं. पेटी वर्षभर माळ्यावर होती. त्याने तो तुकडा टाकला नाही, गणपतीच्या तसबिरीमागे ठेवून दिला.

६

त्याने तीन दिवस शब्द पाळला. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपला. झोप लागली, पण स्वप्नच आलं नाही. शेगडी नाही, पाठमोरी सुला नाही, काही नाही. चारला गजर झाला की खोली इतकी रिकामी वाटायची की तो गजर तसाच वाजत ठेवायचा, तेवढीच सोबत म्हणून. तिसऱ्या दिवशी तो अंथरुणावर बसून लहान मुलासारखा रडला. एकटेपणाने माणूस मरत नाही म्हणतात. मरत नसेल, पण कुठल्याही दाराची कडी काढायला तयार होतो.

चौथ्या दिवशी त्याने पडदा नीट खोचला, आतून कडी लावली आणि दोरा बांधला.

बाहेर आता गप्पा थांबल्या होत्या. बांबूचा आवाज नव्हता, म्हणजे ते काम झालं होतं. पायाशी ती बसली होती, पण बांगड्या वाजत नव्हत्या. झुंबरला कळलं की त्या का वाजत नाहीत. इतके दिवस तो आपली मेलेली बायको शोधत होता. इथे, दाराच्या या बाजूला, मेलं होतं दुसरंच कुणीतरी. ती चांगली होती. ती जिवंत होती.

"आता किती येळ ठेवायचं?" दारातून एक पुरुष म्हणाला.

आणि सुला बोलली. चौदा महिन्यांत जो आवाज त्याला आठवेनासा झाला होता, तोच, थोडा घोगरा, शेवटचं अक्षर गिळणारा.

"भावजी निघालेत. त्यांला तोंड तरी बघू द्या."

झुंबर जागा झाला तो हसत. भीती नंतर आली, चहा पिताना. सुला फक्त बुधालाच भावजी म्हणायची.

७

दोन दिवसांनी, गुरुवारी, तो सकाळी कामावरून आला आणि दहाच्या सुमाराला फोन वाजला.

"दादा, मी येतोय," बुधा म्हणाला.

चौदा महिन्यांत बुधा सातपूरला एकदाही आला नव्हता. भात पोटरीत आलेला, कणसं बाहेर पडायच्या बेतात, रानडुकरांपासून शेत राखायचं, घरात दुसरा पुरुष नाही.

"कशापायी? भात सोडून कुठं येतो? येऊ नको."

"निघालो पण. बसलो बशीत. काय सांगू दादा, सकाळपासून जिवाला लागून राह्यलंय, जायाला पायजे, उशीर व्हायला नको. काय झालंय का तुला?"

"काय नाय झालं. चांगला हाय मी."

"मग झोप तू. मी बारापरेंत पोचतो. दार वाजवीन."

फोन ठेवून झुंबर खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. अकलेने सांगितलं, झोपू नकोस. खाली जा, वत्सलाबाईंच्या ओट्यावर बस, बुधा येईल, दोघं भाऊ जेवा. अगदी बरोबर सांगितलं. तो दारापर्यंत गेलाही, कडीला हात घातला.

पण त्याला तो दिवस आठवला. अंगणातली माणसं, आणि त्याचा पाय अंगणात पडताच झालेली उचलाउचली. तिकडेही आता फक्त बुधाचीच वाट होती. बुधा आला की ते उचलणार आणि घर रिकामं होणार. मग सुला कुठे बसणार पायाशी? बुधाची बस यायला दोन तास होते. त्याला तेव्हा एक मिनिटही मिळालं नव्हतं, आणि आता चांगले दोन तास होते. फक्त तिचं तोंड बघायचं आणि लॉकरचं सांगायचं, मग नाक दाबायचं आणि उठायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. बुधा दार वाजवेल तेव्हा जाग येईलच. बुधासाठी त्याने कडी काढून ठेवली, दार नुसतं लोटलं.

मग तो अंथरुणावर बसला आणि खिशातला दोरा काढला. सुरगाठ मारली. दोनदा ओढून बघितली, दोन्ही वेळा सुटली. तिसऱ्यांदा बांधून तो उताणा झाला.

८

आज वेळ लागला नाही. पंखा दूर गेला तो गेलाच. अंगाखाली गादी नव्हती, थंड जमीन होती, सारवलेली.

मान हलत नव्हती, पण आज गरज पडली नाही. सुला पायाशी वाकली होती, आणि वाकता वाकता तिचं तोंड त्याच्या नजरेत आलं. हळद नाही, कुंकू नाही, कपाळ मोकळं. डोळे सुजलेले. हनुवटीवरचं गोंदण तसंच होतं. तिचंच तोंड होतं ते, पुरतं तिचं, आणि झुंबरला इतकं सुख झालं की तो कशाला आला होता हेही क्षणभर विसरला.

फोन लॉकरमध्ये होता, त्याने सांगायला तोंड उघडलं. तोंड उघडलं नाही. हनुवटीखालून डोक्यापर्यंत काहीतरी घट्ट बांधलेलं होतं.

सुलाने इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाही अशी खात्री केली. मग तिने त्याच्या उजव्या पायाचा अंगठा धरला आणि हलकेच ओढला. दोन्ही पाय एकदम हलले.

"चार वाजलं," ती म्हणाली.

ती थांबली. पुन्हा ओढला. "उठा ना. चार वाजलं." तिसऱ्यांदा ओढला, चौथ्यांदा. ती ओढतच राहिली, आणि झुंबर मोजत राहिला, कारण दुसरं काहीच त्याच्या हातात नव्हतं. आपण उठलो नाही तर ती किती वेळा ओढेल, हे त्याला आधीच ठाऊक होतं. एकतिसाव्या वेळेनंतर तिने अंगठा सोडला आणि पदर तोंडावर घेतला.

जिन्यावर पावलं वाजली. दमलेली, भरभर चढणारी. दाराशी एकच चपलांचा जोड निघाला. दार ढकललं गेलं तसा उजेड आत आला.

"दादा?" बुधा म्हणाला.

बाहेर माणसं उठून उभी राहिली. "आला," कुणीतरी म्हणालं. "चला, घ्या आता."

नाक, झुंबरला आठवलं. नाक दाबायचं. नाक बंद असून श्वास आला तर हे स्वप्न आहे, नाही आला तर खरं. त्याने हात उचलायचा प्रयत्न केला, पण हात छातीवर जुळवून ठेवले होते, ते सुटले नाहीत. आणि मग त्याच्या लक्षात आलं की दाबायची गरजच नाही. नाक आधीच बंद होतं. दोन्ही नाकपुड्यांत कापूस होता.

चार हात त्याच्या खांद्यांखाली गेले.

झुंबरने श्वास घेऊन पाहिला.